डावी वीज

मीटर वाचायला निघाले की आधी आकाश वाचते.
चार मनोरे. दोघांच्या तोंडून वाफ.
म्हणजे आज देशातल्या दर तीन दिव्यांतला एक
आमच्या मेत्सामोरचा, अशी ढोबळ वाटणी.
वाफ नसली तर दुरुस्तीची सुट्टी असेल म्हणते,
आणि टॉर्चचे सेल बदलते.
विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं,
त्याला बिल नाही.

भूकंप झाला तेव्हा मी तेवीस वर्षांची.
उत्तरेकडे गावंच्या गावं बसली,
माझी मावसबहीण नुनुफार, शिकवत होती त्या शाळेसकट.
केंद्राला काही झालं नव्हतं. पण आम्हाला झालं होतं.
बसने येरेवानला गेलो, चौकात सह्यांची रांग,
मी दोनदा केली:
एकदा माझी, एकदा तिची.
बंद करा.
केलं बंद.

मग ते हिवाळे.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
आम्ही तर मनोऱ्यांच्या पायथ्याशी मेणबत्ती कापून वापरायचो.
दिवसाला तासभर वीज. कुठला तास, ते कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून सगळी बटणं चालूच ठेवलेली.
पहाटे तीनला घर एकदम ओरडून उठायचं,
रेडिओ, इस्त्री, न्हाणीतला हीटर,
सासूबाई परातीत पीठ ओढायच्या,
मी पोरीला झोपेतच अंघोळ घालायला काढायचे
आणि टक्क.
साबण तिच्या अंगावर तसाच.

आधी रस्त्यावरची झाडं गेली. मग खुर्च्या.
मग लाकडी फरशी, पट्टी पट्टी करत, दारापासून खाटेकडे.
पुस्तकं जाळायचा क्रम सासऱ्यांनी लावून दिला होता:
पक्षाचे अहवाल, मग बीजगणित, मग प्रवासवर्णनं.
कवितांपर्यंत येता येता मार्च उजाडला.

ह्राच मात्र रोज केंद्रावर कामाला जायचा.
निजलेल्या भट्टीलाही गार ठेवावं लागतं, म्हणायचा,
आणि त्याला वीज लागते.
आम्ही हसलो होतो का यावर? आठवत नाही.

ज्याची इस्पितळात ओळख, किंवा टेलिफोनच्या कचेरीत,
त्याच्या खिडकीतून रात्री एक तार आत शिरायची.
त्या विजेला आम्ही डावी वीज म्हणतो.
मी जिन्यात, थांबलेल्या चाकासमोर, वही उघडून,
आणि वार्सेनिकच्या दाराखाली पिवळी रेघ.
"आकडा काय आला गं?"
"तोच, मावशी. मागचाच."
उजव्या हाताने तोच आकडा लिहायचे,
डाव्या हातात तिचा गरम पेला.

पंच्याण्णवच्या नोव्हेंबरात दुसरी अणुभट्टी पुन्हा तापवली.
ह्राच दोन रात्री घरी नव्हता. आला, बूट काढता काढता म्हणाला,
"तुझ्या सह्यांचं काय करायचं आता?"
मी म्हटलं, "त्या उजेडात केल्या होत्या."
तो काही बोलला नाही. मीही त्याला सूप वाढलं नाही.

पण जिन्यातलं चाक फिरलं.
कडेवरची तांबडी खूण गेली, दिसेनाशी झाली,
पलीकडून पुन्हा आली.
मी वीसेक मिनिटं तिथंच उभी.
वार्सेनिक दारात येऊन म्हणाली, "आता खरा आकडा लिहिशील, नाही?"
लिहिला.
आमच्या गप्पा तेव्हापासून कमी झाल्या.

आता ह्राच नाही. त्सोविनार, ती साबणाची पोर,
केंद्रावरच रात्रपाळी करते.
किरणं मोजायची तिची पट्टी माझ्या टॉर्चशेजारच्या खिळ्याला.
लोक मला विचारतात, इतकं जुनं झालंय, भीती नाही वाटत?
मला विचारतात, जशी काही मी आकड्यांत तेही लिहिते.

जेवताना मान वर करून दिव्याकडे बघायची सवय लागली आहे.
दोनदा बघते.
लागलाय ना.
हलत नाहीये ना.
त्सोविनार म्हणते, आई, जेव गं, निवतंय.