डाव्या पायाचा बूट

चार वाजता ती आली, पाचव्या गल्लीच्या तोंडाशी,
माझ्या पेटीसमोर उकिडवी बसली
आणि ओढणीतून काढला
फिक्या गुलाबी साटीनचा, टाच नसलेला बूट.
डाव्या पायाचा.
"आतली पट्टी मोडलीय, काका. सातला कार्यक्रम आहे."

छत्तीस वर्षं धुळ्याचे पाय बघतोय मी.
कंडक्टरचे, हमालांचे, लग्नातल्या नवरदेवांचे
चावणारे बूट.
हा नव्हता पाहिला. बोटांपाशी टणक,
आत गोणपाट, कागद, खळ,
सगळं आमच्याच धंद्यातलं, भलत्याच कामाला लावलेलं.
हात आत घातला, तर कवडीएवढा
वाळलेल्या रक्ताचा डाग.
गुलाबी दोरा नव्हता, मरून होता.
चालेल का म्हटलं, तर म्हणाली,
"रंगाचं राहू द्या. घट्ट हवं."
चाळीस रुपये घेतले. वर तिने दोन पास दिले.

हॉलमध्ये पंखे होते, वारा नव्हता.
आधी व्हायोलिनं, पुष्कळ, एकावर एक.
मग एकटा तबला. मग कुणा परदेशी बाईचा
घोगरा, विड्या ओढल्यासारखा आवाज.
मग काहीच नाही. नुसते पाय.
तेव्हा कळलं, हवेतून येणाराही धप्पकन पडतो
लाकडावर, मार्केटात पोतं उतरवावं तसा;
एरवी वाजंत्री ते झाकते.
द्वारका कानाशी लागली, "हाई काय से?"
म्हटलं, डावा पाय बघ.
ती एका अंगठ्यावर उभी होती, अख्खी,
आणि मी दात आवळून
माझे आठ टाके मोजत होतो.

शेवटी पावरी लागली.
साक्रीकडे कुणाच्या तरी अंगणात रेकॉर्ड केलेली,
मध्ये फुंकणाऱ्याचा खोकलाही होता.
मागे पिंपळनेरचे एक मास्तर, इतका वेळ पेंगत होते,
ते ताठ झाले.
ती खाली बसली, फिती सोडल्या,
दोन्ही बूट स्टेजच्या कडेला नीट लावून ठेवले
आणि अनवाणी नाचली.

वाईट वाटलं. थोडंसं. लपवत नाही.
पण उजेड बुटांवरही सांडत होता,
आणि मरून शिवण आमच्याकडेच तोंड करून.
सातव्या रांगेतून दिसते का एवढी? मला दिसत होती.

परतताना आग्रा रोडवर, बंद शटरच्या आडोशाला,
द्वारकाने चप्पल काढली,
पदर खोचून टाचा उचलल्या, एकदाच,
आणि माझा खांदा धरला.
मग म्हणाली, "शेवभाजी लई जाऊत का?"