ऐंशीच्या पुढे

साठला काही नाही. सत्तरलाही नाही.
उरण फाट्याचा पूल उतरून काटा ऐंशीला टेकला
की स्टिअरिंगला हुडहुडी भरायची.
शंभरला पुन्हा गप्प.

"हातात थरथरते, की बुडाखाली?"
तुर्भ्याच्या मुकादमनं विचारलं.
हातात.
"म्हणजे पुढचं चाक. ब्रेक दाबल्यावर वाढते?"
नाही.
"मग डिस्क नाही."
दोन प्रश्नांत त्यानं निम्मी गाडी निर्दोष सोडली.

मशीनवर चाक फिरलं. पंचावन्न ग्रॅम.
शिसं ठोकायला घेतलं, आणि थांबला.
रिमच्या आत स्क्रूड्रायव्हर घालून खरवडलं तर
मातीची पापडी सुटली,
तांबडी, वाळून खडंग, आत गवताची काडी.
"ही इकडची नाही."

नाहीच. मोहोपाड्याच्या पुढची,
आषाढात बघायला गेलो त्या प्लॉटची.
चाक रुतलं, आणि सुनीती
चप्पल हातात धरून म्हणाली,
इथं तू एकटा राहा.
सातबारा न बघताच परतलो होतो.

मुकादमनं पैसे बॅलन्सिंगचे घेतले.
माती मी डॅशबोर्डवर ठेवली.

येताना ऐंशी. पंच्याऐंशी. हात स्थिर.
तरी बेलापूरपर्यंत
मी स्टिअरिंग घट्टच धरून होतो.