अर्धी बाटली

अक्कोळ रोडला रायगोंडाच्या गॅरेजात
माझी मारुती आठशे बॉनेट वर करून उभी.
खाली फरशीवर हिरवट पाण्याचा
बशीएवढा ओला डाग.
काल वाटीएवढा होता.

"सोरतैती," तो आधी कन्नडात म्हणाला, स्वतःशी.
मग माझ्याकडं बघून, "गळालंय की हो बाई."
पाणी दोन्हींतनं सारखंच
सावकाश खाली येत होतं.

नवा रेडिएटर कोल्हापूरहून मागवायचा,
नाहीतर बेळगावात भंगारातनं जुना शोधायचा.
तो आकडा म्हणाला.
मला गाडी किती वर्षांची झाली ते आठवलं
आणि मी चहा सांगितला.

चहा झाल्यावर त्यानं फळीवरची बाटली काढली,
खोकल्याच्या औषधागत खळाखळा हलवली.
"इंजिन गार होऊ दे. तापल्यावर झाकण काढू नये."
हे सांगताना मनगटावरचा
जुना गुळगुळीत डाग
त्यानं अंगठ्यानं चोळला.

त्याचे वडील हळद टाकायचे.
तवंदीच्या घाटात फेस काढणाऱ्या मेटाडोरला
मूठभर हळद, वर तांब्याभर पाणी.
एकदा हळद नव्हती, तर वखारीतली भुकटी.
"निपाणीची गाडी. तिला तंबाखू चालतीच."
गळती थांबली.
ड्रायव्हर संकेश्वरपर्यंत शिंकत गेला.

राखाडी, चमचमतं,
पेजेएवढं दाट औषध आत गेलं.
बाटली अर्धी झाली तसा त्यानं हात थांबवला.
"अर्धंच?"
"भोक कुठलं आन् वाट कुठली,
ह्याला कळत नाही, बाई.
जास्त झालं की दोन्ही बुजवतंय."

कुठं निघालाय, त्यानं विचारलं.
गडहिंग्लजला. बहिणीकडं.
लांबच्या गावाला निघाल्यासारखं मी ते सांगितलं.
"मग हीटर पूर्ण लावा, काचा खाली,
आन् मध्ये बंद करू नका गाडी.
फिरलं पाहिजे ते आतनं."

मे महिना. घाटात हीटर.
पायांवर भट्टीचा वारा, कानांत बाहेरचा.
ट्रकवाले बघत होते,
ही बाई घामानं निथळत
कुणावर एवढी चिडलीय म्हणून.
हिरण्यकेशीचा पूल आला, पाट्यांची लिपी बदलली,
काट्याकडं बघता बघता
शालनच्या दारात कधी पोचले कळलं नाही.

वाकून गाडीखाली हात फिरवला. कोरडा.

अकरा वर्षांनी भेटलो.
गुडघ्यांचं बोललो, आंब्यांचं,
कुणाची सून कुठं नोकरीला.
खळ्याशेजारच्या तुकड्याचं नाही,
त्या सहीचं नाही.
एक थेंब कुठं सांडला नाही.
जेवणं बरी झाली.

गाडीनं पावसाळा काढला, दिवाळी काढली.
रायगोंडा दर खेपेला म्हणे,
"हे कायमचं नव्हं हं. चाललंय तवर चाललंय."

डिसेंबरात चिकोडीला लग्न होतं.
शालनला घ्यायला गेले पहाटे.
धुकं असं, की उसातला रस्ता
पुढच्या दिव्याएवढाच.
ती तळहात चोळत म्हणाली, "हीटर लाव की गं."
बटण शेवटपर्यंत फिरवलं.
आला तो गार वारा.
आणखी थांबलो. गारच.
त्या बारक्या नळ्या कधी बुजल्या
मला कळलंच नव्हतं. गळत तर काहीच नव्हतं.

वळणावर डिकीत काहीतरी गडगडलं.
"काय गं ते?"
"औषध. अर्धं उरलंय."

ती काचेवरचं धुकं पदरानं पुसत राहिली,
तिच्या बाजूचं, मग माझ्याही.
मग पुढं बघतच म्हणाली,
"त्या दिवशी सही करताना तू मला
एकदा तरी विचारायचं होतंस."

काटा अर्ध्यावर होता. हलत नव्हता.
मी वेग कमी केला
आणि काचा वर घेतल्या.