हजेरी

मागच्या खोलीत घरमालकाचे चार माग,
पुढच्या खोलीत माझी सात मुलं.
भद्रावती पेठेतली ती, खडखडाटातच झोपतात.
वीज गेली, माग थांबले,
की शांततेला दचकून सातही उठून बसतात.

पाळणाघर म्हणायचं, पाळणा एकच,
तोही जुन्या इरकलीचा, छताच्या कडीला.
तिघांचे पाय आता त्यातून बाहेर लोंबतात.
तिघांना सोमवारपासून शाळा.

निरोपाला काय करायचं, दर जूनला हाच घोर.
पहिल्या वर्षी केक आणला,
त्याचं क्रीम उन्हानं रस्त्यातच बसलं.
एकदा फुगे आणले. फुटले,
आणि धाकटी रात्रभर तापानं फणफणली.
यंदा ठरवलं: शिरा,
टॉवेलच्या उरल्या काठांचे हातरुमाल,
आणि हजेरी.

कारण मागच्या वर्षी जो गेला,
त्याचं नाव बाईंनी महिनाभर पुकारलं.
गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
आणि पोरगं पहिल्या बाकावर!
आई सांगत आली, हसत, डोळे पुसत.
चूक माझी. तीन वर्षं मी त्याला बुज्जी म्हणत होते.
त्याला वाटायचं, हा व्यंकटेश कुणी वेगळाच,
रोज दांडी मारणारा.

तर शनिवारी नळाला चार दिवसांनी पाणी आलं,
ड्रम, घागरी, मुलांचे पेलेसुद्धा भरून झाले,
मग चटई टाकली. टेबल नाही,
शिलाई मशीनमागे बसले
चष्मा लावून, बाई होऊन.

येमूल श्रीहर्ष नरसय्या.
श्रीहर्षनं वळून दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून.
अरे, तू!
मी तर चिन्ना.
चिन्ना घरी रे, शाळेत येमूल.
तो विचारात पडला:
मग डबे दोन देणार का?

बागवान अल्फिया इक्बाल.
हजर! इतक्या जोरात,
की मागावरचा नागेश डोकावून गेला.
हिची अम्मी गारमेंटमध्ये गणवेशांना काजं करते,
दिवसाला चारशे,
आणि हिच्याच फ्रॉकचं एक बटण कमी निघालं.
घरात निळं नव्हतं, काळं लावून दिलं.
गर्दीत ओळखायला बरं.

हत्तुरे गुरुबसव मल्लिनाथ.
हा आला तेव्हा नुसतं कन्नड बोलायचा, मी तेलुगू.
मराठी आम्ही दोघं इथेच शिकलो,
एकमेकांची मोडकीतोडकी, उष्टी.
त्यानं बोट वर केलं.
मग तेच बोट हळूच माझ्याकडे वळवलं:
तुजं नाव नाई घेतलीस.

आहे की मला नाव.
रेशनकार्डावर आहे, तिसऱ्या ओळीत.
या खोलीत ते कुणी उच्चारल्याचं आठवत नाही.
मी अडखळले तेवढ्यात
अल्फियानं वही ओढली, उलटी धरली,
आणि वाचलं, ठासून,
आडनाव आधी, मी शिकवलं तसं:
पाळणाघर काकू!

हजर, म्हटलं.

शिरा संपला. चिन्नानं दोन वाट्या घेतल्या,
एक येमूलची.
हातरुमालानं कुणी तोंड पुसलं नाही,
नवा आहे म्हणाले, आणि बाही वापरली.
संध्याकाळी चपला नेहमीसारख्या उलट्या घालून गेले.
उद्या येते, अल्फिया म्हणाली.
उद्या रविवार. मी काही बोलले नाही.

सोमवारी साडेदहाला वीज गेली.
माग थांबले.
चौघं उठून बसली.
मी सवयीनं पाच, सहा, सात मोजायला
बोट पुढे नेलं, ते हवेतच राहिलं.

शाळा तीन गल्ल्या लांब.
तिथलं इथे काही ऐकू येत नाही,
ठाऊक आहे मला.
तरी वीज येईपर्यंत
धाकटीला मांडीवर थोपटत
कान देऊन बसले.