बर्फ अर्धा, डावीकडे

फरसाणाचा डबा. झाकण कधीच हरवलेलं,
म्हणून आईने हरकत घेतली नाही.
दोन दांड्या, पडद्याच्या जुन्या नळीतून कापलेल्या.
फिरवायला बटणं मोडीत निघालेल्या शेगडीची,
एकावर अजून ज्योतीचं बारीक चित्र.
वर काच म्हणून ॲक्रिलिकचा तुकडा,
कुणा दंतवैद्याच्या पाटीतून उरलेला.

वागळे इस्टेटला, सोळा नंबरच्या रस्त्यावर,
पांचाळांनी दांड्यांना लेथवर खाच पाडून दिली
आणि विचारलं, मोबाईल बिघडलाय का?
नाही.
मग हा उपद्व्याप कशाला?
मशीनच्या आवाजात उत्तर राहून गेलं.
उत्तर एवढंच होतं, की मोबाईलला ठाऊक असतं
मी कुठे आहे.
कागदाला नसतं.
त्याला अंगठ्याने सांगावं लागतं:
हा पूल गेला, पुढचं दाखव.

पहिला रोल आणला मेडिकलमधून, बिलाच्या मशीनचा.
सुबक अक्षरात पन्नास वळणं लिहिली.
माजिवड्याच्या सिग्नलला, एप्रिलच्या उन्हात,
टाकीवर बांधल्या बांधल्या कागद काळा पडू लागला.
मानकोली गेली, कोनगाव गेलं,
दुर्गाडीचा पूल तर मी पोचण्याआधीच.
तिथूनच गाडी वळवली.

मग वहीची पानं उभी कापली,
मैद्याच्या खळीने जोडली, साडेचार मीटर.
खालून वर वाचायची,
रस्ता जसा समोरून येतो तशी.

मुरबाडपर्यंत मला येत होतं.
टोकावड्याच्या पुढचं आईला विचारलं.
बावीस वर्षं ती तिकडे नर्स होती, लुनावर,
मागे लसींचा डबा, डब्यात बर्फ.
फाट्यापासून किती किलोमीटरवर वळायचं?
किलोमीटर कोण मोजतंय,
लुनाचा काटा पहिल्याच वर्षी मेला.
बर्फ अर्धा झाला की डावीकडे.

उन्हाळ्यातला अर्धा की थंडीतला?

हा प्रश्न तिने फार गंभीरपणे घेतला.
भाजी निवडायची थांबली.
उन्हाळ्यात चिंचेच्या अलीकडे, म्हणाली,
थंडीत चिंचेच्या पलीकडे. तू चिंच लिही.
मी चिंच लिहिली.
मग लिहिलं: लंगड्या म्हशीचा गोठा
(म्हैस नसेल, गोठा असेल).
काळा कुत्रा, इथे दोन्ही पाय वर.
शेवंताबाईचं घर, चहा नको म्हण, तरी देईल.
बॉलपेनने लिहिलं. जेलची शाई घामाने पसरते.

उपवनला तळ्याकाठी तीन खेपा मारून पाहिल्या.
हातमोज्यात बटण सटकत होतं,
म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली.
ज्योत झाकली गेली.

रविवारी निघायचं होतं.
शनिवारी गाडी कोलबाडला सर्व्हिसिंगला,
डबा जेवणाच्या टेबलावर.
मी आंघोळ करून आलो तर
आई चष्मा लावून बसलेली, डावा हात बटणावर.
कागद सरकत होता, पण लुनाच्याच बेताने.
मध्ये बराच वेळ थांबला.
अडकला का?
नाही रे, चढ आहे. पॅडल मारतेय.

शेवटच्या गावी कागद संपला,
चिकटपट्टी दिसली.
मी म्हटलं, येताना सगळी डावी वळणं उजवी होतील,
परतीचा वेगळा करायला हवा.
कशाला, ती म्हणाली,
येताना बर्फाचं पाणी झालेलं असतं.
ते मागे हिंदकळतं. ऐकत यायचं.
आणि बटणं उलटी फिरवायला घेतली,
एका हाताने कागद सोडत,
एका हाताने ओढत.