दर तिसऱ्या मंगळवारी

दर तिसऱ्या मंगळवारी लियुशा येते मालेला,
सकाळच्या बोटीने,
केसांत मीठ, काखेत गणिताची वही.
"उजवा हात नको, सिस्टर. तिथली शीर दमलीय.
डावीकडची घ्या, ती अजून बोलते."
मी मुकाट डावा हात घेते.
नऊ वर्षांत तिच्या शिरा
माझ्यापेक्षा तिलाच जास्त पाठ.

पिशवीवर फक्त गट, तारीख, आकडा.
ती मात्र प्रत्येकाला नाव देते,
कधी नावंही ठेवते:
"मागचा कोळी असणार, आठवडाभर नुसती मासळी खावीशी वाटली.
आजचा आळशी. बघा ना, किती हळू उतरतोय."

उसनं रक्त लोखंड मागे ठेवून जातं,
पाहुणा चपला विसरून जावा तसं.
ते काढायला रात्रभर पोटाला सुई,
उशाशी पंपाची घरघर.
तिची आई म्हणते,
आता ती घरघर थांबली की मलाच जाग येते.

शेजारची खाट आज मोकळी.
चादर नवी, घडी न मोडलेली.
तिने विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

थोड्या वेळाने वही उघडली.
पानावर झियानचं अक्षर,
उदाहरण अर्ध्यावर सोडलेलं.
तेव्हा कळलं, उजवा हात कशाला मोकळा हवा होता.

तीनला पिशवी रिकामी झाली.
उत्तर आलं,
पण पुस्तकातल्या उत्तराशी जुळेना.
"पुस्तक चुकलंय," ती म्हणाली,
आणि बोटीची वेळ झाली म्हणून
खाटेखाली वाकून
चपला शोधू लागली.