विषय क्रमांक सात

नागाळा पार्कात, परिषदेच्या सभागृहात
पंखे तीन, चालू दोन,
आणि खांबाआडच्या टेबलाशी मी,
इतिवृत्त लिहिणारा.
ऐकायचं आणि उतरवायचं.
मत माझ्या वेतनश्रेणीत बसत नाही.

विषय क्रमांक सात :
उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी
औषधं लिहून द्यावीत किंवा कसे.

डॉक्टर निंबाळकर उठले. दंडाला काळी फीत,
आवाज रात्रपाळीनं घोगरा.
"साडेपाच वर्षं आम्ही मेलेल्यांकडून शिकलो
जित्यांना हात कसा लावायचा ते.
सहा महिन्यांत ज्याला येतं म्हणता
त्यानं स्टेथोस्कोप जरूर घालावा,
पण त्याला मग माळ म्हणा.
ड्रायव्हर रजेवर गेला
म्हणून करूळचा घाट
कंडक्टर उतरवतो काय?"
टाळ्या पडल्या.
मी लिहिलं : सन्माननीय सदस्यांनी चिंता व्यक्त केली.

मागून बिरू बोडेकर, धनगरवाड्याचे,
पटका मांडीवर काढून ठेवलेला :
"सायेब, गाडीच येत न्हाई वर.
आमी घाट चालतच उतरतोय.
हात धरील त्यो आमचा डायवर."
सभागृह हसलं. निंबाळकरही हसले,
मग हसू पुसून खाली बघत बसले.
मी लिहिलं : ग्रामस्थांनी अडचणी मांडल्या.

दाराजवळच्या खुर्चीत प्रणोती डवरी,
माहिती पुरवण्यासाठी उपस्थित.
कुणीतरी विचारलं, लोक तुम्हाला डॉक्टर म्हणतात ते खरं का?
"मी रोज सांगते, मी डॉक्टर नाही.
ते म्हणतात, बरं, डॉक्टरीणबाई."
एवढंच बोलली.
चहा आला.

मी तिच्याकडे बघणं टाळत होतो.
आमच्याच गावचं उपकेंद्र तिचं.
भावजयीचं पोर निळं जन्मलं, रडेना,
रुग्णवाहिका कळ्यात अडकलेली,
हिनं त्या मुठीएवढ्या तोंडावर मास्क धरून
फुगा दाबला, मोजत, दाबला,
आणि पोरगं असं ओरडलं
की बाहेरची म्हातारी शिव्या देत रडली.

त्याच खोलीत, त्याच टेबलावर,
दिवाळीनंतर माझे मामा.
छातीत जळजळतंय म्हणाले.
हिनं गॅसची गोळी दिली, पाणी दिलं,
पंख्याखाली बसवलं अर्धा तास.
सीपीआरच्या पायरीवर स्ट्रेचर आलं
तेव्हा घाईचं काही उरलं नव्हतं.

आमच्या आळीत ही दोन घरं समोरासमोर.
एका घरात पोराच्या हातानं तिला साखर देतात,
एका घरात तिची स्कूटी वाजली की कडी लागते.
मी दोन्हीकडे जेवतो.
दोन्हीकडे मान हलवतो.

सभा पुढं चालली. कुणी मेणबत्त्यांचा मोर्चा काढतो म्हणाला,
कुणी विचारलं, सर्पदंशाची लस कोण टोचणार,
कुणी नुसतंच नियमाचं कलम वाचलं.
आणि मला सारखं आठवत होतं
मार्चमधलं एक पत्र, आवक शिक्का मारलेलं,
तिच्याच अक्षरात, रेघा सोडून लिहिलेलं :
'छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाकडे बघून
मला पुरतं कळत नाही.
ईसीजीचं मशीन मिळावं,
नाहीतर बघायला कुणी शिकवावं, ही विनंती.'

शिक्का मीच मारला होता.
मार्चअखेर होती.
खाली कागद, वर कागद.

चर्चेअंती, विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा,
असे सर्वानुमते ठरले.

जिन्यात ती थांबली होती, पर्स पोटाशी धरून.
"साहेब, माझं एक पत्र होतं,
मिळालं होतं काय?"
निंबाळकर आमच्या शेजारून उतरले,
फीत सोडवत, फोनवर कुणाला तरी
डोस सांगत.

मी म्हणालो, बघतो.

सगळे गेल्यावर कपाट उघडलं.
खालून तिसरा गठ्ठा.
सुतळीची गाठ मीच मारलेली,
सुटत नव्हती.